प्लॅस्टिक काढून कार्बन फायबर: गाडीच्या आतले भाग स्वतः बनवून बसवण्याची रीत

कार्बन फायबर हलकं असतं म्हणून त्याच्याकडे वळणाऱ्यानं आधी एक हिशेब समजून घ्यावा. कार्बनचं कापड आणि त्याला घट्ट धरणारं इपॉक्सी (दोन भाग कालवले की कडक होणारं रेझिन) यांच्या तयार पत्र्याची घनता साधारण १.५५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. गाडीच्या आत सर्रास वापरलं जाणारं एबीएस प्लॅस्टिक १.०५ च्या आसपास असतं आणि पॉलिप्रॉपिलीन ०.९. म्हणजे त्याच आकाराचा, त्याच जाडीचा भाग कार्बनमध्ये केला तर तो प्लॅस्टिकपेक्षा जड भरेल. फायदा मिळतो तो ताठपणातून. तीन मिलिमीटरच्या एबीएसला जेवढा ताठपणा असतो, जवळपास तेवढा कार्बनच्या एका मिलिमीटरमध्ये मिळतो. तीन मिलिमीटर एबीएसचा एक चौरस मीटर तीन किलोंहून थोडा जास्त भरतो, एक मिलिमीटर कार्बनचा दीड किलो. वजन निम्मं होतं ते भाग पातळ करता येतो म्हणून.

म्हणून मूळ प्लॅस्टिकवर कार्बनचं कापड चिकटवून वर रेझिनचे थर चढवले की भाग देखणा होतो, पण जड झालेला असतो. दर चौरस मीटरला साधारण अर्धा ते एक किलो वाढतोच. वजन कमी करायचं असेल तर जुना भाग काढून त्याच्या जागी पूर्णपणे नवा भाग आला पाहिजे. १९८७ च्या फेरारी एफ४० मध्ये दाराला नेहमीचं आतलं पॅनेल नव्हतं, दार उघडायला एक साधी दोरी होती आणि गालिचाही नव्हता. त्या गाडीच्या बांधणीत कार्बन आणि केव्हलार (सहजी न तुटणारा चिवट धागा) होतंच, पण आतलं वजन उतरलं ते अनावश्यक गोष्टी काढून टाकल्यामुळे. तुमच्या कामातही हाच क्रम ठेवा. आधी काय काढता येईल ते बघा, मग काय बदलायचं ते ठरवा.

पहिली पायरी: तोलून निवड

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. बदलायचा भाग काढा, त्यावरचे स्विच, दिवे, तारा आणि स्पंज वेगळे करा आणि नुसतं प्लॅस्टिक तोला. नव्या भागाचा अंदाज काढायला त्याच्यावर कागद चिकटवून आकार कापा, कागदाचं क्षेत्रफळ मोजा आणि दर चौरस मीटरला दीड किलो धरा. क्लिपा, चिकटवायचा मसाला आणि वरचा चमकीचा थर यांसाठी त्यात पंधरा-वीस टक्के वाढवा. दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की निवड सोपी होते.

गिअरभोवतीची चौकट, दाराच्या हँडलची पट्टी, एसीच्या जाळीची कड हे सगळं मिळून काहीशे ग्रॅमच वाचतात. हे भाग शिकण्यासाठी उत्तम, वजनासाठी नाहीत. खरी बचत मोठ्या पृष्ठभागांत आहे: दारांची पॅनेलं, मधला कन्सोल, मागच्या काचेखालची फळी, डिकीच्या तळाची फळी. डिकीची फळी तर बऱ्याच गाड्यांत दाबलेल्या भुशाची असते आणि आकाराच्या मानानं भलतीच जड. ती सपाट असते, दिसण्यात फारशी नसते, तिच्याजवळ सहसा एअरबॅग नसते. नवख्या माणसाला वजनही कमी करायचं असेल तर मी तिच्यापासूनच सुरुवात करायला सांगेन. आणि दिसणारा पहिला भाग म्हणून गिअरभोवतीची चौकट घ्यावी, कारण तिच्यात थोडे वळण, थोडे कोपरे आणि दोन-चार भोकं असं सगळं मोजक्या प्रमाणात असतं.

सगळ्यांत जड असतात त्या सीट. मोटर असलेली पुढची सीट वीस-तीस किलोंची सहज असते, आणि कार्बनच्या एकसंध सीटचं कवच त्याच्या एका लहानशा हिश्श्यात बसतं. पण सीट घरी बनवू नका. अपघातात माणसाचा सगळा भार तिच्यावर येतो. शर्यतीच्या सीटसाठी एफआयएची, म्हणजे मोटरशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, ८८५५-१९९९ आणि ८८६२-२००९ अशी चाचणीची मानकं आहेत. त्यांपैकी एका मानकाची पट्टी असलेलं कवच विकत घ्यावं आणि तेही रस्त्यावरच्या गाडीत बसवताना मूळ सीटमधली बाजूची एअरबॅग, बसणाऱ्याची नोंद घेणारा सेन्सर आणि पट्ट्याचा खटका यांचं काय होणार, हे जाणकाराकडून आधी तपासून घ्यावं.

ज्यांना हात लावायचा नाही असे भाग

स्टिअरिंगच्या मधलं झाकण, डॅशबोर्डची शेजारच्या सीटसमोरची बाजू, छताला धरून असलेल्या खांबांवरची झाकणं, काही गाड्यांत गुडघ्यांसमोरचं खालचं पॅनेल आणि सीटच्या बाजू. या सगळ्यांमागे एअरबॅग असू शकते. एअरबॅगवरचं प्लॅस्टिक ठरावीक रेषेवर फाटावं म्हणून आतून मुद्दाम पातळ केलेलं असतं. त्याच्यावर कार्बन चिकटवलं किंवा त्याच्या जागी कार्बन बसवलं तर पिशवी वेळेवर उघडणार नाही, किंवा उघडताना तुकडे माणसाच्या अंगावर फेकेल. इथे सौंदर्याचा, वजनाचा कुठलाही युक्तिवाद मला मान्य नाही.

दुसरा धोका तुटण्याच्या पद्धतीचा. प्लॅस्टिक वाकतं, ताणलं जातं, मग चिरतं. कार्बनचा पातळ पत्रा एका मर्यादेपर्यंत टिकतो आणि मग एकदम फुटतो, आणि फुटलेली कड धारदार असते. म्हणून डोकं किंवा गुडघा आपटू शकेल अशा जागी शक्यतो जाऊच नका. जिथे जाल तिथे सर्वांत आतला थर अ‍ॅरामिडचा म्हणजे केव्हलारच्या जातीच्या कापडाचा ठेवा. पत्रा फुटला तरी तुकडे त्या थराला धरून राहतात. कडाही गोल करायच्या. गाडीच्या आतल्या फिटिंगसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक २१ आहे, त्यात डोकं आपटण्याच्या क्षेत्रातल्या उघड्या कडांना किमान २.५ मिलिमीटरची गोलाई मागितली आहे. एक मिलिमीटरच्या पत्र्याला एवढी गोलाई नुसतं घासून येत नाही. कड आतल्या बाजूला दुमडावी लागते, आणि ही दुमड साचा बनवण्याआधीच ठरवावी लागते. गाडीत फेरबदल करण्याचे नियम आणि विम्याच्या अटी काम सुरू करण्यापूर्वी वाचून घ्या.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: कार्बन वीज वाहतं आणि रेडिओ लहरी अडवतं. बिनकिल्लीच्या गाडीचा अँटेना, जीपीएसचा अँटेना किंवा फोन ठेवून चार्ज करायची जागा ज्या पॅनेलखाली आहे, ते पॅनेल कार्बनचं केलं तर ती सोय बिघडते. तिथे काचेच्या फायबरचं कापड वापरा.

भाग काढताना

बॅटरीची ऋण तार आधी सोडवा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा. एअरबॅगच्या यंत्रणेत तार काढल्यावरही काही काळ विद्युतभार शिल्लक असतो. एअरबॅगच्या तारांचे जोड बहुधा पिवळे असतात. ते दिसले की तिथलं काम अनुभवी माणसाकडे सोपवा. बाकी भाग प्लॅस्टिकच्या पट्टीनं उचकटा, पेचकसानं नाही. गाडी थंड असेल तर क्लिपा कडक होऊन तुटतात, म्हणून आत थोडी ऊब असताना काम करा. प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या आणि कुठला स्क्रू कुठला ते पिशवीवर लिहून ठेवा.

भागाच्या मागे प्लॅस्टिकचा प्रकार कोरलेला असतो: पीपी, एबीएस, पीसी-एबीएस. तो टिपून ठेवा. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर त्याला इपॉक्सी नीट चिकटतच नाही, आणि पुढे मूळ क्लिपांचे बुंधे कापून नव्या भागाला चिकटवायची वेळ आली की ही नोंद कामाला येते.

इथेच एक आग्रह धरतो. साचा काढण्यासाठी तोच भाग वापरलेल्या सामानातून दुसरा मिळवा. कारण साचा काढताना त्या भागावर पुट्टी, प्रायमर, घासकाम होणार आहे आणि तो परत गाडीत बसवण्यासारखा राहणार नाही. मूळ भाग गुंडाळून ठेवा. गाडी विकताना, तपासणीला नेताना किंवा नवा भाग नापसंत पडला तर तो लागेल.

साचा

या कामातला सर्वांत जास्त वेळ साच्याला द्यावा. साच्याच्या पृष्ठभागावर जे आहे ते हुबेहूब भागावर उतरतं, ओरखडासुद्धा.

प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर चामड्यासारखी बारीक खरखर असते. ती तशीच राहिली तर कार्बनवर उमटेल. तिच्यावर दोन भागांचा जाड प्रायमर मारा आणि आधी २४०, मग ४००, मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरनं पाणी लावून घासा. बोट फिरवलं तर काच वाटली पाहिजे. स्विचची आणि स्क्रूची भोकं मागून टेप लावून मऊ मातीनं किंवा मेणानं पुढच्या पृष्ठभागाशी सपाट भरा. नव्या भागात ती नंतर कापायची.

मग भागाच्या चारही बाजूंनी तीन ते पाच सेंटिमीटर रुंद सपाट पट्टी उभी करा. गुळगुळीत प्लॅस्टिकचा पत्रा आणि गरम गोंद यांनी ती सहज होते. ही पट्टी व्हॅक्यूमची पिशवी (आतली हवा काढून कापड साच्यावर दाबणारी) चिकटवायला आणि भाग नेमक्या रेषेवर कापायला लागते. ती टाळणाऱ्याचं पुढचं सगळं काम अवघड होतं. पट्टी आणि भाग यांच्यामधली फट मेणानं भरा.

आता डोळा भागाच्या पातळीवर आणून चहूकडून बघा. साचा सरळ वर उचलला तर कुठे अडकेल? जिथे भिंत आतल्या बाजूला झुकते किंवा ओठ वळलेला असतो, तिथे एकसंध साचा सुटणार नाही. तिथे साचा दोन तुकड्यांत करून बोल्टनं जोडावा लागतो. पहिल्या भागासाठी असा आकार निवडूच नका.

साचा सुटावा म्हणून त्या भागावर साच्यासाठीचं खास वॅक्स पाच-सहा वेळा लावा, दर थरामध्ये डब्यावर दिलेला वेळ थांबून आणि पुसून. गाडी चमकवायचं वॅक्स चालत नाही, त्यात बहुधा सिलिकॉन असतं. मग जेलकोटचे, म्हणजे साच्याचा गुळगुळीत पृष्ठभाग बनणाऱ्या घट्टसर रेझिनचे, दोन हात. साच्यासाठी पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण त्यातलं स्टायरिन एबीएसला आणि काही प्रायमरना विरघळवतं. म्हणून अशा भागावर मी इपॉक्सीचाच साचा करायला सांगतो. काचेच्या फायबरचे पातळ थर आधी, जाड नंतर, आणि एकूण जाडी पाच-सहा मिलिमीटर. सगळे थर एका बैठकीत चढवू नका. जाड थर घट्ट होताना तापतो, आकसतो आणि साचा वाकतो. पूर्ण वाळल्यावर मागे प्लायच्या फासळ्या चिकटवा आणि मगच प्लॅस्टिकच्या पाचरी हळूहळू सारून आतला भाग सोडवा.

कापड आणि रेझिन

दिसणाऱ्या भागासाठी बहुतेक जण ३के, २×२ ट्विल, २०० ग्रॅमच्या आसपासचं कापड वापरतात. ३के म्हणजे एका धाग्याच्या जुडीत ३,००० तंतू. ट्विलची तिरपी वीण वळणावर सहज बसते, साधी वीण कोपऱ्यात सुरकुतते. हाताने रेझिन लावून केलेल्या कामात अशा कापडाच्या एका थराची जाडी पाव मिलिमीटरहून थोडी जास्त येते. आतल्या छोट्या भागाला तीन-चार थर पुरतात.

कागदाचे नमुने आधी कापून साच्यात बसवून बघा, मगच कापड कापा. कापायच्या रेषेवर टेप लावून टेपच्या मधोमध कात्री चालवली तर कड उसवत नाही. कापड दोन बोटांनी ओढू नका, वीण तिरकी होते आणि ती चूक तयार भागावर कायमची दिसते. साच्यावर मध्यरेषा आखून वीण तिच्याशी जुळवा. डाव्या-उजव्या दारांची जोडी करत असाल तर दोन्हीकडची वीण आरशातल्यासारखी यावी म्हणून दुसऱ्या बाजूचं कापड उलटं करून घ्या. थरांच्या दिशा मधल्या थरापासून दोन्हीकडे सारख्या ठेवा. एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला ४५ अंश असं असमान रचलेलं पॅनेल साच्यातून निघाल्यावर पीळ घेतं.

डिकीच्या फळीसारख्या सपाट भागाला नुसते थर वाढवू नका. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली की विरोध आठपट. वर-खाली कार्बनचा एकेक-दोनदोन थर आणि मध्ये पाच-दहा मिलिमीटरचा कडक फोम असं सँडविच केलं की फळी उचलताना हाताला वजनच लागत नाही आणि सामान ठेवलं तरी वाकत नाही. फक्त जिथे स्क्रू जाणार तिथला फोम कापून प्लायचा तुकडा बसवा, नाहीतर स्क्रू आवळताच फोम दबतो.

रेझिन आणि ते कडक करणारा हार्डनर वजनानं मोजा. पुरवठादारानं १०० ला ३० सांगितलं असेल तर ३० च. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त टाकायची सवय पॉलिएस्टरच्या कामातून येते. इपॉक्सीत प्रत्येक रेणूला जोडीदार लागतो, जास्तीचा हार्डनर तसाच राहतो आणि भाग कायमचा मऊ होतो. कापडाच्या वजनाइतकं रेझिन हा हाताच्या कामाचा अंदाज धरा, आणि एका वेळी थोडंच कालवा. भांड्यात राहिलेलं रेझिन स्वतःच्या उष्णतेनं तापतं, धूर सोडतं. कालवल्यावर पसरट ताटात ओतलं तर हाताशी वेळ जास्त मिळतो.

साच्याला वॅक्स लावल्यावर आधी पारदर्शक इपॉक्सी जेलकोटचा पातळ हात द्या. तो बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही अशा अवस्थेत असताना पहिलं कापड बसवा. पृष्ठभागावरची टाचणीच्या टोकाएवढी भोकं टाळायचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग. नायट्राइलचे हातमोजे सुरुवातीपासून घाला. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहू शकते.

दाब

व्हॅक्यूमशिवायही भाग होतो, पण जास्तीचं रेझिन आत राहतं, आणि ते सगळं वजन असतं. हाताच्या कामात कापड आणि रेझिन वजनानं साधारण निम्मं-निम्मं येतं. व्हॅक्यूममध्ये रेझिन चाळीस टक्क्यांपर्यंत उतरतं. कापडावर आधी सोलून काढायचं कापड, त्यावर भोकांची प्लॅस्टिक फिल्म, त्यावर रेझिन शोषणारी आणि हवा खेळू देणारी जाड लोकर, आणि सर्वांत वर पिशवी. पिशवी कडेला ब्युटिलच्या टेपनं चिकटवा. कोपऱ्यात ती ताणली जाणार नाही एवढी ढिली ठेवा, मध्ये मध्ये चुण्या काढा. ताणलेली पिशवी कोपऱ्यावरून पुलासारखी जाते, खाली पोकळी राहते आणि ती रेझिननं भरते. पूर्ण व्हॅक्यूमला वातावरण दर चौरस मीटरवर जवळपास दहा टन दाबतं. काम करण्याआधी रिकाम्या साच्यावर पिशवी लावून हवा काढा, मग पंप बंद करा आणि व्हॅक्यूमच्या मीटरचा काटा बघा. दहा मिनिटांत तो ढळला तर गळती शोधा.

उष्णता: इथे भाग टिकतो किंवा फसतो

या लेखातलं एकच प्रकरण लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेलं साधं इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतं. उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर सहज जातो. म्हणजे हातात घेतल्यावर दगडासारखा कडक वाटणारा भाग पहिल्याच कडक उन्हात मऊ होणार, क्लिपांच्या ओढीनं वाकणार आणि थंड झाल्यावर तसाच वाकडा राहणार. शिवाय उष्णतेनं राहिलेली रासायनिक क्रिया पुढे सरकते, रेझिन आणखी थोडं आकसतं आणि आरशासारख्या पृष्ठभागावर कापडाची वीण उंचसखल उमटते.

उपाय म्हणजे भाग गाडीत जाण्याआधीच त्याला ती उष्णता दाखवणं. रेझिन निवडताना त्याच्या माहितीपत्रकात काचेसारख्या कडक अवस्थेतून मऊ होण्याचं तापमान बघा, आणि ते शेकल्यानंतरचं की शेकण्याआधीचं तेही बघा. शेकल्यानंतर ९० अंशांच्या वर जाणारं रेझिन आतल्या कामाला घ्या. भाग साच्यातच ठेवून शेका. मोकळा भाग शेकताना स्वतःच्या वजनानंही झोल खातो. तापमान एकदम चढवू नका, तासाला दहा अंशांच्या आसपास चढवा, पत्रक सांगेल तितके तास ६० किंवा ८० अंशांवर ठेवा आणि तसंच सावकाश उतरू द्या. जाड फोमच्या तक्त्यांची पेटी, पंखा असलेला छोटा हीटर आणि तापमान नियंत्रक एवढ्यात पेटी बनते, मात्र हीटर फोमपासून लांब आणि नेहमी नजरेसमोर हवा. अन्न शिजवायचा ओव्हन या कामाला वापरू नका. साचाही हे तापमान सोसणाऱ्या रेझिनचाच हवा, आणि तोही भाग काढण्याआधी एकदा शेकून घेतलेला.

डॅशबोर्डचा वरचा भाग आणि सरळ उन्हात येणारं काहीही पहिल्या वर्षी करू नये, असं माझं मत आहे. कन्सोल, दाराचा खालचा अर्धा भाग, डिकी इथे तुलनेनं ताप कमी असतो.

कापणं आणि धूळ

कडा हिऱ्याच्या किंवा कार्बाइडच्या चकतीनं कापा, रेषेपासून एक-दोन मिलिमीटर लांब राहून, आणि उरलेलं हातानं घासून रेषेवर या. शक्य तिथे पाणी लावून घासा. कार्बनची धूळ त्वचेला आणि श्वासाला त्रास देते, आणि वीजवाहक असल्यानं यंत्राच्या मोटरमध्ये शिरून शॉर्टही करते. चेहऱ्याला घट्ट बसणारा एफएफपी३ किंवा त्या तोडीचा मास्क, चष्मा, लांब बाह्या आणि शेजारी चालू असलेला व्हॅक्यूम क्लीनर हे सगळं रोजचं समजा. कापलेल्या कडेवर पातळ इपॉक्सीचा एक हात फिरवा. उघडे तंतू ओलावा घेतात आणि बोटात घुसतात.

क्लिपा आणि जोड

मूळ भागाच्या मागचे क्लिपांचे बुंधे कापून नव्या भागाला चिकटवणं ही सर्वांत सोपी रीत. एबीएसचे बुंधे खरवडून मिथाक्रिलेट चिकटद्रव्यानं छान बसतात. पीपीचे असतील तर त्याऐवजी काचेच्या फायबरचे नवे कान बनवा. जागा नेमकी यावी म्हणून क्लिपा आधी गाडीतल्या भोकांत बसवा, बुंध्यांवर चिकटद्रव्य लावा आणि भाग जागेवर दाबून वाळेपर्यंत टेपनं धरून ठेवा.

लांब भागाला आणखी एक गोष्ट बघावी लागते. ५० अंश तापमान वाढलं तर एक मीटर एबीएस साधारण चार मिलिमीटर लांबतं, कार्बन जेमतेम जागचं हलतं. म्हणून लांब कार्बनची पट्टी प्लॅस्टिकच्या चौकटीवर कडक इपॉक्सीनं पूर्ण चिकटवली तर काही ऋतूंत ती सुटते किंवा चौकट वाकते. एका टोकाची क्लिप घट्ट ठेवा, बाकीची भोकं लांबट करा, आणि चिकटवायचंच असेल तर लवचिक पॉलियुरेथेन वापरा. अ‍ॅल्युमिनियम किंवा साधं लोखंड कार्बनला थेट लागू देऊ नका. ओलाव्यात कार्बनशेजारचा धातू झपाट्यानं गंजतो. स्टेनलेस स्क्रू वापरा आणि मध्ये काचेच्या फायबरचा एक थर किंवा नायलॉनचा वायसर ठेवा. मागे उघड्या तारा जात असतील तर तिथेही आवरण द्या.

वरचा थर

इपॉक्सी उन्हानं पिवळं पडतं, म्हणून वर अतिनील किरणं अडवणारा दोन भागांचा पॉलियुरेथेन क्लिअर कोट लागतोच. भाग ४०० आणि मग ६०० नंबरच्या पेपरनं घासून, पुसून, दोन पातळ हात मारा. या क्लिअर कोटमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्यापासून धुळीचा मास्क वाचवत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो नसेल तर फवारणी गाडीच्या रंगशाळेत करून घ्या. एवढ्यासाठी फुप्फुसं पणाला लावू नका. चमक किती ठेवायची ते जागेवर ठरवा. काचेजवळचा चकचकीत भाग पुढच्या काचेत प्रतिबिंब पाडतो आणि गाडी चालवताना डोळ्यांना खुपतो, तिथे मॅटच बरा.

बसवल्यावर

सगळे स्विच, दिवे आणि बटणं जोडून बॅटरीची तार लावा, एअरबॅगचा दिवा सुरू होऊन नेहमीसारखा विझतो का ते बघा, विझला नाही तर गाडी न चालवता दाखवून घ्या. गिअर प्रत्येक जागेवर टाकून, हँडब्रेक पूर्ण ओढून, सीट पुढे-मागे सरकवून कुठे घासत नाही ना ते तपासा. खडखड येत असेल तर क्लिपेभोवती फेल्टची पातळ पट्टी लावा. कार्बन ताठ असल्यानं प्लॅस्टिकसारखा आवाज गिळत नाही.

पहिल्या काही कडक उन्हाच्या दिवसांनंतर भाग एकदा काढून मागून बघा: बुंध्यांच्या मुळाशी पांढरी रेघ दिसते का, कडेला थर सुटलेत का, पृष्ठभागावर वीण उठली आहे का. वीण उठली असेल तर ते रेझिन अजून आकसतंय. आकसणं थांबेपर्यंत थांबा, मग ८०० च्या पेपरनं सपाट करून पुन्हा क्लिअर कोट मारा. बुंध्याजवळ रेघ असेल तर तो बुंधा सोडवून, दोन्ही बाजू खरवडून नव्यानं चिकटवा. साचा पुसून, वॅक्सचा एक हात देऊन, सपाट जागी उलटा ठेवा. उभा टेकवून ठेवला तर काही महिन्यांत तो वाकतो आणि त्यातून दुसरा भाग नीट निघत नाही.